मदतनीस की मारक: थायमसमधला निर्णय

१ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाचे जम्बो जेट वुहानहून ३२४ भारतीयांना घेऊन दिल्लीला उतरले. त्यांतले बहुतेक जण विशीतले विद्यार्थी होते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना विमानतळावरूनच हरियाणातल्या मानेसरला नेले. लष्कराने तिथे घाईघाईने विलगीकरण केंद्र उभारले होते. दोन आठवडे हीच मुदत, कारण तेव्हा हाती ना लस होती ना औषध. त्या केंद्रातल्या एखाद्या मुलाच्या शरीरात कोविडचा विषाणू खरोखर शिरलाच असता, तर त्याला ओळखणारी एखादी तरी पेशी तिथे आधीपासून असती का? विषाणू माणसांत पसरू लागून जेमतेम काही महिने झाले होते, त्यामुळे हा प्रश्न कुणालाही भाबडा वाटेल. पण उत्तर ‘हो’ असेच आहे. मानेसरहून तासाभराच्या अंतरावर, दिल्लीतल्या राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी, या विषाणूची बाधा न झालेल्या अनेक भारतीयांच्या रक्तातही त्याच्या तुकड्यांना प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी दाखवून दिल्या. अमेरिकेतही तसेच आढळले. यांतल्या काही पेशी साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंची आठवण बाळगून असणार, हे खरे. पण ती आठवण बाजूला ठेवली तरी ज्यांना अजून कुठलाच जंतू भेटलेला नाही अशा असंख्य कोऱ्या टी पेशी तरुण शरीरात फिरत असतात आणि त्यांतल्या काही थोड्या नव्या विषाणूशी जुळतातच. विशेष म्हणजे अशी प्रत्येक पेशी विषाणूला भेटण्याआधीच आपले काम ठरवून आलेली असते. तिने इतर पेशींना मदत करायची, बाधित पेशी मारायच्या की प्रतिकाराला आवर घालायचा, याचा मुख्य निर्णय छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर बसलेल्या थायमस ग्रंथीत होऊन गेलेला असतो.

शत्रू कोण हेच माहीत नसताना कामाची वाटणी कशाच्या आधारावर होते? या प्रकरणात मी एकच गोष्ट मांडणार आहे. थायमस ही वाटणी पुढे येणाऱ्या धोक्याकडे पाहून करत नाही. कोवळी पेशी शरीराच्या स्वतःच्या रेणूंना कशी चिकटते आणि त्यातून मिळणारा संदेश किती वेळ टिकतो, यावर ती ठरते. विधान छोटे दिसते, पण ते सिद्ध करायला साठ वर्षे लागली आणि त्यावरचे काही आक्षेप अजूनही विचारात घ्यावे लागतात.

१९६१ पर्यंत थायमसला काही काम असेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. पौगंडावस्थेनंतर ती आक्रसते, तिच्या जागी चरबी भरत जाते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मरणाऱ्या पेशींचा खच दिसतो. त्यावरून ती पांढऱ्या पेशींचे दफनस्थान असावी असा समज होता. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ते उंदीर संसर्गाने मरू लागले, आणि दुसऱ्या उंदराची त्वचा त्यांच्यावर लावली तरी ती त्यांच्या शरीराने नाकारली नाही. वाढ झालेल्या उंदराची थायमस काढल्यावर असे काही लगेच दिसत नसे, म्हणूनच आधीच्या संशोधकांची नजर चुकली होती. जे काम व्हायचे ते आयुष्याच्या सुरुवातीला होते, हे मिलर यांच्या प्रयोगाने पक्के केले.

काम काय, हे समजायला दुसरा धागा लागतो. कॅनबेरात १९७४ मध्ये पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांच्या लक्षात आले, की विषाणूबाधित पेशी मारणारी टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. विषाणूचा तुकडा शरीराच्या स्वतःच्या एमएचसी रेणूत धरलेला असेल तरच ती तो ओळखते. तोच तुकडा दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या एमएचसीमध्ये ठेवला की ती गप्प बसते. या शोधासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले, पण त्याचा खरा अर्थ उमगायला वेळ लागला. टी पेशीला परका कधीच एकटा भेटत नसेल, तो नेहमी आपल्याच रेणूच्या हातात भेटत असेल, तर आधी आपला रेणू वाचता येणे ही तिची पहिली पात्रता ठरते. शत्रू न दाखवता तयारी कशी करून घेणार, या शंकेचे मूळ उत्तर इथे आहे. थायमसच्या अस्तरपेशींवर एमएचसी रेणू असतात आणि त्यांत शरीराच्याच प्रथिनांचे तुकडे बसवलेले असतात. कोवळ्या पेशीला तिथे दुसरे काही दिसतच नाही. हे रेणू दोन प्रकारचे. पहिल्या वर्गाचे जवळपास सगळ्या पेशींवर असतात आणि पेशीच्या आत काय शिजते आहे ते बाहेर दाखवतात. दुसऱ्या वर्गाचे मोजक्या पेशींवर असतात आणि त्या पेशींनी बाहेरून गिळलेल्या मालाचे तुकडे दाखवतात. टी पेशीवरचा सीडी८ हा रेणू पहिल्या वर्गाला चिकटतो, सीडी४ दुसऱ्या वर्गाला. मारक पेशींवर सीडी८ असतो, मदतनीस पेशींवर सीडी४. ही जोडणी इतकी पक्की आहे की ती योगायोगाने झाली असे मानणे कठीण. तरी ती घडते कशी, यावर दोन दशके वाद झाला.

त्या वादाकडे वळण्याआधी एक आधीचा टप्पा जवळून पाहायला हवा, कारण त्यावरचे एक महत्त्वाचे काम दिल्लीतच झाले आहे. अस्थिमज्जेतून थायमसमध्ये आलेल्या पेशीवर सुरुवातीला सीडी४ही नसतो आणि सीडी८ही नसतो. तिथे तिला एमएचसीतला तुकडा ओळखणाऱ्या आपल्या रिसेप्टरची बीटा साखळी बनवायची असते. त्यासाठी ती स्वतःचा डीएनए कापते, तुकड्यांची फेरजुळणी करते आणि पुन्हा सांधते. जुळलेल्या साखळीतून चालणारे प्रथिन बनले तर पेशी झपाट्याने विभागू लागते आणि तिच्यावर सीडी४ व सीडी८ दोन्ही उगवतात. नाही बनले तर ती मरते. राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्थेत विनीता बाळ, सत्यजित रथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हार्लेक्विन’ नावाच्या उंदरांवर काम केले. या उंदरांत मायटोकॉन्ड्रियातले एआयएफ हे प्रथिन फारच कमी असते. प्रथिनाच्या नावात ‘मृत्यू घडवणारा घटक’ असा अर्थ असल्याने ते कमी झाले तर पेशी जास्त जगाव्यात अशी अपेक्षा होती. घडले उलटे. या उंदरांच्या थायमसमध्ये पेशी कमी भरल्या, आणि त्या नेमक्या बीटा साखळीच्या टप्प्यावर मरत होत्या. रिसेप्टरची फेरजुळणी मात्र नीट होत होती. बी पेशींना काहीच झाले नव्हते. प्राणवायूच्या क्रियाशील रूपांचा बंदोबस्त करू शकणारे एआयएफ परत दिले की दोष जाई, ती क्षमता काढून टाकलेले एआयएफ दिले तर जात नसे, आणि उंदरांना ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये दिली तरी अडथळा दूर होई. २०१२ मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’मध्ये हे काम आले. मला या प्रयोगाचे मोल विशेष वाटते, कारण त्यातून दिसते की थायमसमधला प्रत्येक टप्पा पेशीच्या शरीरावर खरा ताण टाकतो. झपाट्याने विभागणारी पेशी ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यात असते आणि तो झेलण्याची तयारी नसेल तर उत्तम रिसेप्टर असूनही ती पुढे जात नाही. निवड फक्त रिसेप्टरची होत नाही.

आता वाद. सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या पेशीला समजा दुसऱ्या वर्गाचा एमएचसी जुळला. ती मदतनीस होते, हे सगळ्यांना मान्य. पण कशी? एक मत असे, की दोन्ही रेणूंचे संदेश वेगळे असतात आणि पेशी त्यातून सूचना घेते. दुसरे मत असे, की पेशी दोहोंपैकी एक रेणू आंधळेपणाने बंद करते. चुकीचा बंद झाला तर तिचा संदेश तुटतो आणि ती मरते, बरोबर झाला तरच जगते. या दुसऱ्या मताला सुरुवातीला बरेच पुरावे मिळाले, कारण जुळत नसलेला रेणू धारण केलेल्या अर्धवट पेशी थायमसमध्ये खरोखर सापडत होत्या. २००० च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आल्फ्रेड सिंगर यांच्या गटाने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. संदेश मिळालेली प्रत्येक पेशी, पुढे ती काहीही होणार असो, आधी सीडी८ चे जनुक बंद करते. पुढे मारक होणारी पेशीसुद्धा. अर्धवट पेशींचे कोडे यातून सुटले. त्या चुकीच्या वाटेला लागलेल्या नव्हत्या, चाचणी चालू असलेल्या होत्या. घरात दोन बटणे असतील आणि दिवा कोणत्या बटणावर आहे हे कळत नसेल, तर एक बटण बंद करून बघतात. दिवा चालूच राहिला तर तो दुसऱ्या बटणावर, विझला तर याच बटणावर. सीडी८ ओसरल्यावरही संदेश चालू राहिला, म्हणजे तो सीडी४ कडून, दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीकडून येत होता. मग थ्पॉक नावाचे नियंत्रक प्रथिन वाढते आणि पेशी मदतनीस होते. संदेश तुटला तर इंटरल्यूकिन-७ हे संदेशद्रव्य पुढाकार घेते, रन्क्स-३ हे नियंत्रक प्रथिन वाढते, सीडी४ बंद होतो, सीडी८ परत उगवतो आणि पेशी मारक होते. थ्पॉक आणि रन्क्स-३ एकमेकांना दाबतात, त्यामुळे मधली अवस्था फार टिकत नाही.

थ्पॉकचा शोधही बोलका आहे. फिलाडेल्फियात एका उंदराच्या वाणात मदतनीस पेशी जवळपास नव्हत्याच. दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीला जुळणाऱ्या पेशी मेल्या नव्हत्या, त्या मारक झाल्या होत्या. २००५ मध्ये डीटमार कॅपेस यांच्या गटाने त्यामागे एका अक्षराचा बदल असलेले थ्पॉकचे जनुक असल्याचे दाखवले. म्हणजे कोणाशी जुळते आणि काय होते, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, आणि त्यांना बांधणारा दुवा मोडला तरी पेशी जगते. याहून निर्णायक प्रयोग सिंगर यांच्याच गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरात सीडी४ आणि सीडी८ च्या जनुकांची अदलाबदल केली, म्हणजे सीडी८ च्या नियंत्रणाखाली सीडी४ चे प्रथिन आणि उलट. रेणू तेच, एमएचसी तेच, फक्त कोणता रेणू आधी ओसरणार एवढेच उलटे. संदेशातच ‘तू मदतनीस हो’ असा मजकूर असता तर काही बदलायला नको होते. पण सगळी प्रतिकारव्यवस्था उलटी झाली. दुसऱ्या वर्गाला ओळखणाऱ्या पेशी मारक झाल्या आणि पहिल्या वर्गाला ओळखणाऱ्या मदतनीस. निर्णय संदेशाच्या मजकुरात नसून त्याच्या अवधीत आहे, याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

यावर पहिला रास्त आक्षेप असा की हे सगळे उंदीर आहेत. माणसात निसर्गाने केलेले प्रयोग पाहायचे तर मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिकाररक्तशास्त्र संस्थेकडे वळावे लागते. जन्मजात प्रतिकारदोषांची निदाने करणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. मनीषा मडकईकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दुसऱ्या वर्गाचे एमएचसी नसलेल्या पाच भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या आजारात एमएचसीची स्वतःची जनुके शाबूत असतात, ती चालू करणारी यंत्रणा बिघडलेली असते. बाळाला वारंवार न्यूमोनिया होतो, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. रक्ताचा थेंबभर नमुना रंगीत प्रतिपिंडे लावून फ्लो सायटोमीटरमधून सोडला की पडद्यावर दोन गोष्टी दिसतात. बी पेशींवर एचएलए-डीआर हा दुसऱ्या वर्गाचा रेणू नाही, आणि सीडी४ पेशी अगदी कमी. सीडी८ मात्र आहेत. दुसऱ्या वर्गाचा रेणू नसेल तर मदतनीस पेशी घडत नाहीत, हे माणसाच्या रक्तात असे आकड्यांनी दिसते. जगभरच्या अनुभवातून पुढे आलेली एक गोष्ट तर आणखी थेट आहे. अशा मुलाला निरोगी दात्याची अस्थिमज्जा दिली, ती नीट रुजली, नव्या पांढऱ्या पेशींवर दुसऱ्या वर्गाचे रेणूही आले, तरी सीडी४ पेशी बरीच वर्षे कमीच राहतात. कारण नव्या पेशी ज्या अस्तरासमोरून जातात ते थायमसचे अस्तर मुलाचे जुनेच असते आणि त्यावर तो रेणू नसतो. पेशी बदलल्या तरी वाटणी बदलली नाही, कारण ती जिथे होते ती जागा बदललेली नाही.

माझ्या मांडणीला अडचणीत टाकणारा मानवी पुरावाही इथे द्यायला हवा. झॅप-७० हे रिसेप्टरचा संदेश आत पोहोचवणारे प्रथिन. ते नसलेल्या मुलांची वर्णने १९९४ मध्ये आली. त्यांच्यात सीडी८ पेशी नाहीत, सीडी४ पेशी संख्येने आहेत पण काम करत नाहीत. केवळ अवधीच निर्णायक असता, तर कमकुवत संदेश लवकर तुटून जास्त पेशी मारक व्हायला हव्या होत्या. तसे होत नाही. सीडी४ आपल्याबरोबर संदेश सुरू करणारे लेक हे प्रथिन सीडी८ पेक्षा जास्त आणतो, आणि झॅप-७० ची उणीव त्याचे नातेवाईक असलेले सिक प्रथिन थायमसमध्ये काही अंशी भरून काढते. म्हणून सीडी४ ची वाट कशीबशी खुली राहते. याचा अर्थ संदेशाचा जोरही मोजावा लागतो. पण जोर असो वा अवधी, दोन्ही शरीराच्या स्वतःच्या रेणूंशी असलेल्या नात्याचीच मापे आहेत. मुख्य विधान त्यामुळे ढळत नाही, अधिक नेमके होते.

आपल्याच रेणूंना जुळणाऱ्या पेशी निवडायच्या, तर त्या आपल्याच शरीरावर उलटणार नाहीत का? हा दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर. त्यातले अर्धे उत्तर मृत्यू हे आहे. थायमसच्या गाभ्यात अस्तरपेशी एअर नावाच्या प्रथिनाच्या मदतीने इन्सुलिनसारखी, एरवी केवळ दुसऱ्या अवयवांत बनणारी प्रथिने थोडी थोडी बनवून दाखवतात. त्यांना घट्ट चिकटणारी पेशी मरते. १९९७ मध्ये सापडलेले हे जनुक बिघडले की अनेक ग्रंथींवर एकदम हल्ला होणारा आजार होतो. उरलेले उत्तर वाटणीतच आहे. घट्ट चिकटणाऱ्या सगळ्याच पेशी मरत नाहीत, काही नियामक पेशी होतात. जपानमध्ये १९६९ साली निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांची थायमस काढली, तेव्हा संसर्ग न होता स्वतःच्या अवयवांवर हल्ला झाला. शिमोन साकागुची यांनी त्या धाग्याचा पाठपुरावा करून १९९५ मध्ये सीडी२५ असलेल्या नियामक पेशी दाखवल्या. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये खपल्या धरून मरणाऱ्या ‘स्कर्फी’ उंदरातले फॉक्सपी३ जनुक शोधले, आणि २००३ मध्ये दोन्ही धागे जुळले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. मला यातले सौंदर्य असे दिसते, की स्वतःशी फार घट्ट नाते असणे हाच दोष इथे पात्रता होतो. एमएचसीऐवजी त्याच्यासारख्या वेगळ्या रेणूंवर निवडल्या जाणाऱ्या एनकेटी आणि मेट पेशी, तसेच फार आधीच वेगळी वाट धरणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशी याच ग्रंथीत घडतात. त्यांचे तपशील वेगळे, पण तिथेही रिसेप्टरला मिळणारा संदेश निर्णायक असतो.

तिसरा आक्षेप नासाडीचा. तरुण उंदराच्या थायमसमध्ये रोज सुमारे ५ कोटी पेशी तयार होतात आणि बाहेर पडतात १० ते २० लाख. बाकीच्या बहुतेक कशालाच न जुळल्याने तीन-चार दिवसांत संपतात. एवढा खर्च उत्क्रांतीने का ठेवावा? कारण रिसेप्टर फेरजुळणीतून यदृच्छेने बनतो आणि म्हणूनच ज्याचे नावही नाही अशा विषाणूशीही जुळू शकतो. यदृच्छा हवी असेल तर निरुपयोगी जुळण्यांचा खर्च सोसावाच लागतो. आधीच ठरवलेले थोडेच रिसेप्टर ठेवले असते तर खर्च वाचला असता आणि नव्या विषाणूसमोर शरीर उघडे पडले असते.

आणि ग्रंथी आक्रसते त्याचे काय? वय वाढले तरी माणसे जगतातच, मग ही सगळी व्यवस्था मोठेपणी गौण मानावी का? तशी समजूत अनेक वर्षे होती, म्हणून हृदयशस्त्रक्रियेत वाट मोकळी करायला थायमस सर्रास काढून टाकली जाई. २०२३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी थायमस काढलेल्या प्रौढ रुग्णांची तुलना थायमस न काढता छातीची तशीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांशी केली. पाच वर्षांत थायमस काढलेल्यांत ८.१ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २.८ टक्के. कर्करोग ७.४ आणि ३.७ टक्के. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नाही, त्यामुळे कारण पूर्णपणे सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. पण कोविडच्या साथीतही कोऱ्या टी पेशी कमी उरलेल्या वृद्धांत आजार गंभीर होण्याचे प्रमाण जास्त दिसले. दोन्ही निरीक्षणे एकाच बाजूला झुकतात.

हे सगळे कळल्याने दवाखान्यात काय बदलते, तर निदान. रिसेप्टर घडवताना कापलेला डीएनएचा एक तुकडा वर्तुळाकार होऊन पेशीत राहतो. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यात ही वर्तुळे मोजली की थायमस चालू आहे की नाही ते कळते. अमेरिकेत विस्कॉन्सिनने २००८ मध्ये ही चाचणी सुरू केली आणि २०१८ अखेर सर्व राज्यांत ती होऊ लागली. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी दिली जाते, आणि ज्या बाळात टी पेशीच नाहीत त्याच्यात लशीतला जिवंत जंतू अंगभर पसरू शकतो. त्यामुळे ही चाचणी इथे अधिकच निकडीची आहे. मात्र तिची एक मर्यादा वरच्या मांडणीतूनच निघते. वर्तुळे सांगतात ते एवढेच की पेशी बाहेर पडत आहेत. त्या कोणत्या, हे सांगत नाहीत. दुसऱ्या वर्गाचे एमएचसी नसलेल्या बाळात मारक पेशी घडतच असतात, झॅप-७० नसलेल्यात मदतनीस. दोघांचीही वर्तुळे नेहमीसारखी दिसू शकतात. अशी बाळे हुडकायची तर वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या तान्ह्या मुलाचे रक्त फ्लो सायटोमीटरवर घालून सीडी४ आणि सीडी८ वेगवेगळे मोजावे लागतात, आणि ते करू शकणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेसारख्या जागा जिल्ह्याच्या गावांपासून अजून फार लांब आहेत.